चार कोपरे, एक नट

डहाणूहून आणलेले ४०० बाय ३०० मिलिमीटरचे एक वारली चित्र आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातील घरात दीड वर्ष कपाटावर गुंडाळून पडले होते. गेल्या पावसाळ्यात मी त्याला सागवानी चौकट करायला घेतली. पहिले तीन कोपरे, एका वेळी एकच कोपरा धरणाऱ्या विकतच्या क्लॅम्पमध्ये, एकेक करून चिकटवले आणि तिन्ही इतके नेटके बसले की चौथ्याची मला काळजीच वाटली नाही. चौथ्या कोपऱ्यात मात्र काडेपेटीतील काडी सहज शिरेल एवढी फट पडली.

दोष क्लॅम्पचा नव्हता, माझ्या पद्धतीचा होता. चौकटीला चार पट्ट्या असल्या तरी पंचेचाळीस अंशांचे काप आठ असतात. प्रत्येक काप एकाच दिशेने केवळ अर्धा अंश चुकला, तरी आठ कापांची मिळून चूक चार अंशांची होते. कोपरे एकेक करून घट्ट धरले, की ही सगळी चूक शेवटच्या सांध्यात जाऊन साचते, आणि ३० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर चार अंश म्हणजे सांध्याच्या टोकाशी जवळपास ३ मिलिमीटरची फट होते. चारही सांधे एकाच वेळी आवळले असते, तर ती फट चौघांत वाटली गेली असती आणि मुख्य म्हणजे फेव्हिकॉल लावण्याच्या आधीच दिसली असती.

त्यानंतर चौकटीभोवती नायलॉनची दोरी गुंडाळून, तिच्यात काडी अडकवून पीळ देण्याचा जुना उपाय करून पाहिला. दोरी प्रत्येक कोपऱ्यावर घासते आणि घासल्यामुळे पुढच्या बाजूला तिचा ताण कमी होतो, म्हणून पीळ दिलेल्या बाजूचे कोपरे आवळले गेले आणि समोरचे ढिलेच राहिले. शिवाय ओल्या फेव्हिकॉलवर एक सांधा सरकला, तो मला सकाळी कळला.

अखेरीस चार बाहूंचा शिकंजा घरीच करण्याचे ठरवले. ही रचना माझी नाही, सुतारकाम करणाऱ्यांना ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सागवानाच्या ३० बाय १२ मिलिमीटरच्या चार पट्ट्या, प्रत्येकी ३०० मिलिमीटर लांब, हे बाहू. प्रत्येकात २५ मिलिमीटरच्या अंतराने ६ मिलिमीटरची भोके आहेत. १४० मिलिमीटर लांबीचे दोन जाड आडवे दांडे आहेत आणि प्रत्येक दांड्याच्या खाली, एकमेकांपासून १०० मिलिमीटर अंतरावर, दोन बाहू बोल्टने असे जोडले आहेत की ते मोकळेपणाने फिरावेत. बोल्टची डोकी बाहूंच्या तळाशी खळगा करून आत बुडवली, म्हणजे सगळा शिकंजा टेबलावर सपाट बसतो. दोन्ही दांड्यांच्या मध्यातून ८ मिलिमीटर जाडीची, पूर्ण लांबीभर आटे असलेली सळई जाते आणि तिच्या एका टोकाला कान असलेला नट आहे. ही सळई आणि सगळे नट-बोल्ट जांभळी नाक्याजवळ एकाच दुकानात मिळाले.

सळईसाठी दांड्यात भोक ८ ऐवजी १० मिलिमीटरचे पाडले, ते मुद्दाम. बैलांचे जू जसे मध्यावर झुलते आणि ओढ दोन्ही बैलांत वाटली जाते, तसा दांडा सळईवर थोडा झुलू शकला, की त्याचे दोन्ही बाहू सारख्याच ताणाने ओढले जातात. सळई दोन्ही दांड्यांना सारखेच ओढते. म्हणून एक नट फिरवला, की चारही कोपऱ्यांवर सारखा दाब येतो.

बाहूच्या बाहेरच्या टोकाशी इंग्रजी एल आकाराचा प्लायवूडचा ठोकळा बसतो आणि तो चौकटीचा कोपरा धरतो. हे ठोकळे कापताना आतल्या कोपऱ्याच्या जागी आधी १० मिलिमीटरचे भोक पाडावे आणि मगच दोन्ही बाजूंनी करवत चालवावी. त्या भोकामुळे पट्टीचे टोकदार टोक चेपत नाही आणि बाहेर आलेल्या फेव्हिकॉलला जागा मिळते. ठोकळ्याच्या आतल्या कडांना मी सेलोटेप लावतो, नाहीतर शिकंजाही चौकटीचाच भाग होऊन बसेल!

माझे पहिले ठोकळे फसले. ते फार लहान होते. बाहू खालून ओढतो आणि चौकट वरून ढकलते, त्यामुळे ठोकळा बाहेरच्या बाजूला कलत होता आणि सांधा तळाशी मिटून वर उघडा राहत होता. चौकट पालथी ठेवली असती, तर फट मागच्या बाजूला गेली असती आणि कोणाला दिसली नसती. तो मोह मी एक संध्याकाळभर बाळगला. नंतर ठोकळ्याची मागची बाजू ४० मिलिमीटर लांब केली, म्हणजे ती बाहूवर टेकून राहते, आणि मोठा वायसर घातला.

भोके निवडताना बाहू सांध्याच्या रेषेतच, म्हणजे पट्टीशी पंचेचाळीस अंशांत, ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण कोन बदलला की एक पट्टी दुसरीवर सरकू लागते. माझी चौकट बाहेरून ४५० बाय ३५० मिलिमीटरची होती. या मापासाठी दोन दांड्यांमध्ये २०० मिलिमीटर अंतर येते आणि ३०० मिलिमीटरची सळई चौकटीच्या आत आरामात मावते. लहान चौकटींसाठी १५० मिलिमीटरची दुसरी सळई ठेवली आहे.

चिकटवण्यापूर्वी सगळे एकदा कोरडेच आवळून पाहावे. समोरासमोरच्या पट्ट्या अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. दोघी एकत्र धरून टोकांवर रंधा मारला की तो प्रश्न मिटतो. मग दोन्ही कर्ण मोजावेत. कापलेल्या टोकांवर लाकडाच्या उभ्या तंतूंची तोंडे उघडी असतात आणि ती फेव्हिकॉल शोषून घेतात, म्हणून पहिला हात पातळ लावून काही मिनिटे मुरू द्यावा आणि मग दुसरा हात लावावा. नट बोटांनीच आवळावा. पकडीने आवळला तर सगळा फेव्हिकॉल बाहेर पडून सांधा कोरडा राहतो.

पावसाळ्यात चिकटवलेल्या चौकटीची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लाकूड हवेतील ओलाव्याने रुंदीत फुगते आणि सुकताना रुंदीतच आकसते, लांबीत जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे जुलैत उत्तम बसलेला सांधा थंडीच्या कोरड्या दिवसांत आतल्या टोकाशी उघडू पाहतो. यंदा पट्ट्या घरात, पंख्याच्या खोलीत, आडव्या रचून महिनाभर ठेवल्या आणि मगच कापल्या.

बाल्कनीतील टेबलाला थोडा बाक असल्यामुळे शिकंजा रात्री स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवला. सकाळी सहा वाजता चहासाठी ओटा रिकामा हवा, ही सौ.ची अट होती. साडेपाचला नट सोडला, तेव्हा दोन्ही कर्णांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला आणि चौथ्या सांध्यात कागदही शिरला नाही.