आमची वाटचाल : विंडोजवरचं युनिक्स

२००३ साली कोथरूडच्या दोन खोल्यांत आम्ही दोघांनी काम सुरू केलं, तेव्हा धंदा काय हे घरच्यांनाही सांगता येत नव्हतं. विंडोजवर मेकफाइल (कोड कसा जोडायचा हे 'मेक' या टूलला सांगणारी फाइल) चालवलेल्यांना मात्र वेगळं सांगायला नको. भोसरी-चाकणला फर्मवेअर, म्हणजे यंत्रातल्या चिपवर चालणारा प्रोग्राम, लिहिणारी मंडळी विंडोजवर, कारण डीबगरचा, म्हणजे तो प्रोग्राम तपासायच्या उपकरणाचा, ड्रायव्हर फक्त विंडोजचा. कंपायलर जीसीसी आणि बिल्डच्या, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवायच्या, स्क्रिप्ट बॅशमधल्या; दोन्ही युनिक्सच्या जगातलं. हे दोन संसार एका मशीनवर नांदवायचे, हे आमचं काम. त्यासाठी सिग्विन, युनिक्सची साधनं विंडोजवर चालवू देणारं सॉफ्टवेअर.

भागीदार कॉलेजचा मित्र. कुठल्याही ग्राहकाकडे गेला की तो आधी सगळ्या ड्राइव्हवर सिग्विनची मुख्य डीएलएल (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती कोडची फाइल) शोधायचा. प्रत्येक चिप कंपनी आपल्या टूलसोबत तिची एकेक प्रत देत असे, आणि दोन आवृत्त्या एकाच वेळी चालल्या की भांडण ठरलेलं. किती प्रती, कुठे, कुठली आवृत्ती, सगळं तो वहीत लिहून ठेवी. त्याच्या इतका शिस्तीचा माणूस मी या क्षेत्रात दुसरा पाहिलेला नाही.

सहा-सात वर्षं नीट गेली. मग २०१० उजाडलं.

आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडे नवी विंडोज ७ मशीन आली आणि बिल्ड मध्येच पडू लागला. कधी दहाव्या फाइलला, कधी तीनशेव्या. फोर्क फेल. युनिक्समध्ये फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची, म्हणजे चालत्या प्रोग्रामची, हुबेहूब प्रत. विंडोजवर तशी सोय नाही, म्हणून सिग्विन नवी प्रोसेस सुरू करून जुनीची मेमरी तिच्यात उतरवतं. त्यासाठी प्रत्येक डीएलएल दोन्हीकडे त्याच पत्त्यावर बसावी लागते. आम्ही रिबेस करून पत्ते ठरवून दिले, तरी बिल्ड पडतच राहिला.

तेवढ्यात आमच्याच कामावर डोळा असलेली एक फर्म तिथे पोचली. "हा सगळा जुगाड आहे, व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स टाका," म्हणजे विंडोजच्या पोटात दुसरा आभासी संगणक चालवा, असं त्यांनी सांगितलं. जुगाड! सात वर्षं त्याच जुगाडावर त्या कंपनीचा माल बाहेर गेला होता. आमची आठ महिन्यांची बिलं अडली. पाचपैकी तीन ग्राहक गेले, एक खोली सोडावी लागली.

एका शनिवारी रात्री परवानगी घेऊन भागीदाराने अँटिव्हायरस बंद केला आणि बिल्ड सकाळपर्यंत फिरवत ठेवला. एकदाही पडला नाही. अँटिव्हायरस चालू केला, बिल्ड तिसऱ्या फेरीला पडला. अँटिव्हायरस प्रत्येक प्रोसेसमध्ये स्वतःची डीएलएल घुसवत होता. दुरुस्ती आम्ही लिहून दिली, ती वापरलीही गेली. बिलं आजही थकलेली आहेत.

भोसरीचे काका नसते तर आम्ही संपलो असतो. पंपांचे कंट्रोलर बनवणारा छोटा कारखाना. ती फर्म त्यांच्याकडेही गेली. काका म्हणाले, "त्या मशीनमधून माझा डीबगर चालवून दाखवा." यूएसबी सारखी सुटत राहिली. त्याच संध्याकाळी काकांनी मला वर्षभराच्या एएमसीचा चेक दिला.

२०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, आणलं तेव्हा पुन्हा आमच्या नावाने लोक हळहळले. डब्ल्यूएसएल २ मध्ये तर खरा लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, आहे. ते चांगलंच आहे, आम्ही स्वतः बसवून देतो. पण यूएसबी डीबगर आत न्यायला आजही वेगळी सोय करावी लागते. आणि एक सांगतो, कोड सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून बिल्ड करू नका. प्रत्येक फाइल हद्द ओलांडून येते, वेळ त्यातच जातो. विंडोज आणि लिनक्स ओळींचे शेवट वेगळे लिहितात; गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये) ते पहिल्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर विंडोजवर सेव्ह केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणत बसेल. आणि विंडोजच्या यूजरच्या नावात स्पेस देऊ नका, मेक तिथेच अडतं.

भागीदार २०१२ मध्ये घरच्या कारणाने नाशिकला गेला, वही मला देऊन. काकांचा कारखाना आता मुलगा बघतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला.

"दादा, नवीन मुलाचा कोड माझ्याकडे उतरतच नाहीये. गिट 'इनव्हॅलिड पाथ' म्हणतंय."

"फाइलचं नाव काय?"

"ऑक्स डॉट सी."

ऑक्स (aux) हे डॉसच्या काळापासून राखीव नाव, म्हणून विंडोजवरचं गिट त्या नावाची फाइल घेत नाही. लिनक्सवर बदलून घे म्हटलं, आणि फोन ठेवून वही काढली. त्याच कारखान्याच्या पानावर, २००६ सालची, भागीदाराच्या अक्षरात हीच नोंद होती.