केळ्याची साल

परवा केळं खाल्लं, साल ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि एकदम आबा आठवले. आमचं गाव रावेर तालुक्यातलं, म्हणजे घरात केळीशिवाय दुसरा विषयच नाही. साल अंगणात भिरकावली की आबा खाटेवरूनच ओरडायचे, "उकिरड्यावर टाक रे, वावराचं हाये ते!" तेव्हा वाटायचं, म्हातारा साली पण मोजतो की काय.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, आमच्या उकिरड्याची मात्र दरवर्षी अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर फिटायची, गाडीत भरून थेट वावरात.

आता कळतं आबा काय म्हणत होते ते. एका केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, जिमवाली पोरं पण सांगतात, पण ते आलं कुठून? वावरातूनच ना. घड कापला की तेवढं पालाश, म्हणजे हेच पोटॅशियम, ट्रकमध्ये बसून दिल्लीला निघालं, तिथं कोणीतरी खाणार, पुढचं सांगत नाही, गटार आणि यमुना. परत रावेरला कोण आणून देणार? मग आपण लाल पोटॅश खताची गोणी आणायची, आणि ते आपल्या देशात जवळपास निघतच नाही, कॅनडा, रशिया, जॉर्डन असं कुठून कुठून येतं. कॅनडातलं तर कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ! म्हणजे तिकडचा समुद्र आमच्या वावरातून दिल्लीकरांच्या पोटात. मला तर हे कळल्यावर हसूच आलं.

नत्राचं, म्हणजे नायट्रोजनचं, त्यातल्या त्यात बरं, हवेत उडालं तरी हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठींतले जिवाणू फुकटात धरून आणतात. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, हट्टी. हवेत जातच नाही, मातीला चिकटून बसतं आणि पावसात माती वाहिली की तिच्यासोबत तापीत. मग गाळ काही हतनूरच्या धरणात अडतो, काही पुढं उकाईच्या, उरलेला खंभातच्या आखाताकडे. धरणाचा गाळ उन्हाळ्यात ट्रॅक्टरनं आणून वावरात टाकतात ना, तो म्हणजे आपलीच वाहून गेलेली माती आपण डिझेल जाळून परत आणतो. तरी आणावी, माझं मत.

आणि गंमत बघा, जे नत्र-स्फुरद वावरात घालायला पैसे मोजतो तेच गटारातून आणि जादा टाकलेल्या खतातून नदीत गेलं की जलपर्णी माजते, डोह हिरवागार, लांबून बघणाऱ्याला वाटेल काय सुंदर, आणि ती सडायला लागली की पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे तडफडतात. खत तेच, जागा चुकली.

तर मी डब्यातून साल परत काढली, बारीक चिरली आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. बायको म्हणाली, "चिलटं होतील हं." म्हटलं, काही होत नाहीत, आबांची पद्धत आहे.

झाली. चार दिवसांत झाली.