वीस रुपयांचा मोझार्ट

पुण्यात कुणाला ‘मला ऑर्केस्ट्रा आवडतो’ असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे गणपतीचा मांडव येतो. झगमगीत कोट, शेर टाकणारा निवेदक, हुबेहूब किशोरचा आवाज काढणारे कुणी बँकेतले साहेब. त्यात त्याची काही चूक नाही. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या ऑर्केस्ट्रात सत्तर-ऐंशी माणसं काळे कपडे घालून ओळीत बसतात, पाऊण तास वाजवतात आणि बहुतेक वेळा त्यांच्यातलं कुणी गात नाही, हे पटवून देईपर्यंत चहा गार होतो.

या गैरसमजाचा मला मात्र सतत फायदाच झाला. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी ज्या चादरी पसरतात, त्यांवर हिंदी सिनेमांच्या एलपी वेगळ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेल्या असतात. त्यांना हात लावला की विक्रेता सावरून बसतो. मोझार्ट पडलेला असतो मिक्सरच्या भांड्यांशेजारी, झाकण नसलेल्या. “घ्या साहेब, इंग्लिश आहे. वीस द्या.” मोझार्ट हा ऑस्ट्रियाचा संगीतकार, इंग्लिश नव्हे, हे मी तिथे एकदाही बोललेलो नाही. जुन्या बाजारात ज्ञान दाखवलं की भाव वाढतो.

सुरुवात तशी रशियनांपासून झाली. सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं भरायची तेव्हाची गोष्ट. वडील भौतिकशास्त्राची स्वस्त आणि जाडजूड पुस्तकं चाळत असायचे आणि मी कोपऱ्यातल्या तबकड्यांपाशी. ‘मेलोदिया’ ही सोव्हिएत सरकारची तबकड्या काढणारी कंपनी, १९६४ सालची. कव्हरवर रशियन अक्षरं, आतल्या कागदाला खळीचा वास, आणि एक गूढ क्रमांक. इंग्रजी ‘सी’सारखं दिसणारं अक्षर आणि पुढे १०. पुढे कळलं की ते अक्षर रशियन ‘एस’ आहे, म्हणजे स्टिरिओ. १ म्हणजे सिंफनी-ऑपेराच्या खात्यातली आणि ० म्हणजे तीस सेंटिमीटरची. चायकोव्स्कीसारखा मोठा रशियन संगीतकार काय नि कुणी काय, सगळ्यांना रेशन कार्डासारखी नोंद.

त्यातली एक चायकोव्स्कीची पाचवी सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना, अजून माझ्याकडे आहे. कंडक्टर, म्हणजे वादकांसमोर उभं राहून त्यांना हाताने लय दाखवणारा, येव्गेनी म्राविन्स्की आणि त्याचा ऑर्केस्ट्रा लेनिनग्राड फिलहार्मोनिक. हा माणूस १९३८ पासून १९८८ मध्ये जाईपर्यंत त्या एकाच ऑर्केस्ट्रासमोर उभा राहिला. पन्नास वर्षं, एक नोकरी! वडिलांना चायकोव्स्की कळला नाही, पण हे फार आवडलं. या सिंफनीच्या दुसऱ्या भागात सुरुवातीलाच हॉर्न हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य एकटंच एक लांब सूर विणत जातं. नेमका तिथे माझ्या तबकडीवर चरा आहे, त्यामुळे पिन टुणकन उडी मारते आणि हॉर्नवाला एक अख्खा श्वास गिळतो. आता कुठेही हा भाग स्वच्छ ऐकला की मी दचकतो. वाजवणारा चुकला असंच वाटतं.

हे संगीत स्वस्त का मिळू शकतं, याचं गणित सरळ आहे. मोझार्टला मानधन द्यावं लागत नाही. खर्च असतो तो माणसांचा, सभागृहाचा आणि मुखपृष्ठावरच्या नावाचा. तेव्हा नाव काढून टाकायचं आणि माणसं जिथे कमी पैशांत मिळतील तिथे जायचं. हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या क्लाउस हायमान या जर्मन गृहस्थांनी १९८७ मध्ये ‘नॅक्सोस’ ही सीडी कंपनी काढली ती याच हिशोबावर. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाचे वादक, एकरकमी मानधन, कव्हरवर संगीतकाराचं नाव ठळक आणि वाजवणाऱ्यांचं बारीक. मोठ्या कंपन्यांनी नाकं मुरडली. मला त्या पांढऱ्या कव्हरांत कधी खोट दिसली नाही. वादक चांगलेच होते, फक्त आपल्याला त्यांची नावं उच्चारता येत नव्हती.

पण नॅक्सोसच्याही खाली, आणखी स्वस्त सीडींचं, एक तळघर आहे, आणि माझा मुक्काम बहुतेक तिथेच असतो.

मोझार्टची चाळिसावी सिंफनी मला तिथल्याच एका सीडीवर भेटली. मोझार्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा, कंडक्टर अल्बर्टो लिझिओ. घरी लावली तर पहिल्या दहा सेकंदांतच आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. “अरे, हे तर तलतचं!” तिचं बरोबर होतं. सलील चौधरींनी १९६१ च्या ‘छाया’मध्ये तलत-लताच्या गाण्याला हीच चाल घेतली होती. मोझार्टने १७८८ च्या उन्हाळ्यात लिहिलेलं आमच्या घरात आधी पोचलं होतं ते विविध भारतीवरून. नंतरचे काही महिने आम्ही दोघं लिझिओचे भक्त होतो. जिथे मिळेल तिथे त्याच्या सीडी घेत गेलो. काय संयम, काय ठहराव, असं मी चार लोकांत बोलूनही दाखवलं.

मग घरात इंटरनेट आलं आणि समजलं की अल्बर्टो लिझिओ नावाचा माणूसच नाही. आल्फ्रेड शॉल्त्स नावाच्या ऑस्ट्रियन निर्मात्याने जुनी ध्वनिमुद्रणं बनावट नावांखाली बाजारात आणली होती, त्यांतलं हे एक नाव. म्हणजे मी ज्याचा संयम वाखाणला ती निरनिराळ्या दिवशीची निरनिराळी माणसं असणार.

तोंड पोळल्यावर मी ताकही फुंकू लागलो. त्याच स्वस्त सीडींच्या खोक्यात आंतोन नानुत नावाचा कंडक्टर सारखा सापडायचा, लुब्लियाना रेडिओच्या ऑर्केस्ट्राबरोबर. नावच असं, की लिझिओचा भाऊ शोभावा. मी बाजूला सारत राहिलो. जगात इतरही पुष्कळांना तो बनावटच वाटत होता म्हणे. तो निघाला खराखुरा स्लोव्हेनियन, १९३२ चा जन्म, हयातभर कामात गढलेला. केवळ वीस रुपयांत मिळतो म्हणून मी एका जिवंत माणसाला ‘नाहीच’ असं ठरवलं होतं.

हान्स स्वारोव्स्कीची तबकडीही अशीच, कोपरे उंदराने कुरतडलेली. बराच वेळ हातात घेऊन बसलो होतो. व्हिएन्नात झुबिन मेहतांना ज्याने कंडक्टिंग शिकवलं, तो हा. मुंबईत जन्मलेल्या शिष्याच्या रेकॉर्ड काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये मी नुसत्या पाहून, पाठीमागची किंमत वाचून परत ठेवायचो. गुरूंच्या तबकडीला मात्र पंधरा पडले, तेही घासाघीस न करता. त्या दिवशी ती करवेना.

या सगळ्याची एक वही आहे. तारीख, कुठे मिळाली, किती सांगितले, किती दिले, कंडक्टर. नानुतच्या नावापुढे मी, खजील होऊन, कंसात ‘आहेत’ असं लिहून ठेवलं होतं. जानेवारी २०१७ मध्ये ते गेल्याचं वाचलं, तेव्हा ते खोडून ‘होते’ केलं.

लिझिओच्या नावापुढची जागा अजून मोकळी आहे. सीडी मात्र आई अधूनमधून लावायला सांगते, तलतची म्हणून.