‘तोंड बघून कळत नाही का?’

आपल्याकडे मुलांना रागावताना हमखास येणारा हा प्रश्न मला अलीकडे खटकू लागला आहे, कारण चेहरा वाचण्याचे काम मेंदूत एका जागी होत नाही आणि एका वयात पूर्णही होत नाही.

सुरुवात मात्र फार लवकर होते. सातव्या महिन्याच्या सुमारास बाळ हसऱ्या चेहऱ्यापेक्षा भेदरलेल्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहते. वर्षाचे झाले की ते त्या चेहऱ्यावरून निर्णयही घेते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काचेखाली खोलगट भाग दिसेल अशा टेबलावर वर्षभराची मुले ठेवली होती. पलीकडे उभ्या असलेल्या आईचा चेहरा आनंदी असताना १९ पैकी १४ मुले काच ओलांडून गेली, तर भीती दाखवणाऱ्या आईकडे १७ पैकी एकही गेले नाही. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा कडाडला की कडेवरचे मूल आधी आईच्या तोंडाकडे पाहते, ते याचसाठी.

भावनेची चाहूल घेणारा मेंदूतला अमिग्डाला हा भाग लहानपणीच कामाला लागतो. पण चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देणारा, मेंदूच्या तळाकडचा फ्युजिफॉर्म भाग पौगंडावस्थेपर्यंत घडत राहतो आणि कपाळामागच्या भागाशी अमिग्डालाचे जुळणारे धागे तर त्याहूनही उशिरा पक्के होतात. त्यामुळे आनंद ओळखणे लवकर जमते, बाकीच्या छटा रेंगाळतात. कारले खाल्ल्यावर वेडेवाकडे तोंड केलेल्या माणसाचे चित्र बालवाडीतल्या चार वर्षांच्या मुलाला दाखवा. ‘तो चिडलाय’ असे उत्तर येण्याची शक्यता मोठी, कारण या वयात किळस आणि राग यांची सर्रास गल्लत होते. (आणि आपण त्याच्याकडून ‘आई दमली आहे, चिडलेली नाही’ हे ओळखण्याची अपेक्षा ठेवतो!)

राग मात्र काही मुले फार लवकर हेरतात. मानसशास्त्रज्ञ सेथ पोलॅक यांच्या २००२ मधील संशोधनात, घरी मारहाण सोसलेल्या मुलांनी अस्पष्ट चित्र हळूहळू स्पष्ट होत असताना इतर मुलांच्या आधी त्यातला राग ओळखला. संमिश्र भावांचे चेहरेही त्यांना अधिक वेळा रागीटच वाटले. वर्गात बाईंची भुवई किंचित हलताच गप्प होणारे असे मूल आपल्याकडे बहुधा ‘समंजस’ म्हणून वाखाणले जाते.