सेकंडहँड मॅच रायफल आणि ४५ दिवसांची सूचना

जुनी रायफल घ्यायचा विचार असेल तर शस्त्र अधिनियम, १९५९ मधलं कलम ५, पोटकलम २ (एका परवानाधारकाने आपलं शस्त्र दुसऱ्याला विकण्याबद्दलचं) छापून घ्या आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. मला ते आता तोंडपाठ आहे. कारण एका कार्यालयाने त्याचा उलटा अर्थ लावला आणि माझा अख्खा मोसम क्लबच्या रायफलवर गेला.

मी ५० मीटर रायफल नेमबाजी खेळते, प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून). त्यासाठी .२२ बोअरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल लागते, म्हणजे दर गोळीला बोल्ट हाताने मागे-पुढे करायची. क्लबची रायफल चारचौघांत फिरते. मी गालाचा टेकू आणि बटप्लेट (खांद्याला टेकते ती पट्टी) माझ्या मापाला लावून घ्यायची, दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते सगळं आपल्या मापाला फिरवलेलं असायचं. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं; तिथे असं चालत नाही. नवी जर्मन रायफल लाखांत जाते, शिवाय ती मागवायची मुभा सरसकट सगळ्यांना नाही. आमच्या कोल्हापूरकडे तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, २०२४ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. रेंजवर पोरं वाढली, रायफली आहेत तेवढ्याच. त्यामुळे चांगली जुनी रायफल विक्रीला निघाली की सगळ्यांचे कान टवकारतात.

परवान्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी परवाना मागता येतो, त्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. क्लबचं पत्र, स्पर्धांची प्रमाणपत्रं, पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, सगळं वेळेत झालं.

रायफल मिळाली दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ नेमबाजांकडे. खेळणं थांबवलेलं, पण रायफल लेकरासारखी सांभाळलेली. त्यांना सगळे काकाच म्हणतात. अ‍ॅन्शुट्झ या जर्मन कंपनीची, १९०७ मॉडेलची. काकांनी पहिल्यांदा भावाचं बोलणंच केलं नाही, म्हणाले, "आधी मारून बघ, मग बोलू."

आणि मग आली ती सूचना.

कायदा असा आहे: परवानाधारकाला आपलं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल, तर त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा सगळ्यात जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. विकायचा इरादा आहे, घेणाऱ्याचं नाव अमुक, पत्ता अमुक. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. या काळात प्रशासनाला आक्षेप घ्यायचा तर घेता येतो. बस. या कलमात 'पूर्वपरवानगी' कुठेही नाही.

काकांनी तसं पत्र टाइप केलं, माझ्या परवान्याची प्रत जोडली आणि त्यांच्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र शाखेत नेऊन दिलं. टेबलावरच्या साहेबांनी पत्र वाचलं आणि परत दिलं. "असं चालत नाही. परवानगीचा अर्ज करा." काकांनी अर्ज केला. मग माझ्या परवान्याची साक्षांकित प्रत हवी झाली. ती दिल्यावर माझ्या जिल्ह्याकडून माझ्याबद्दलचा अहवाल मागवतो म्हणाले, जो परवाना देतानाच घेतलेला होता. तो मागवणारं पत्र निघायलाच वेळ लागला. तोवर विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळी शाखा निवडणुकीच्या कामाला गेली. निवडणूक संपली तेव्हा साहेबांची बदली झालेली. नव्या साहेबांनी फाइल पहिल्यापासून वाचायला घेतली. काकांचं वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, शाखा दुसऱ्या मजल्यावर. तरी ते दर वेळी जात राहिले आणि मला फोन करून सांगत राहिले, "तू काळजी करू नको पोरी, बघतो मी." त्यांच्या त्या शांतपणाचाच मला जास्त त्रास व्हायचा. आयुष्यभर कायद्याने वागलेल्या माणसाला त्याचीच वस्तू विकण्यासाठी इतकं कशाला झुलवायचं?

आणि या सगळ्यात ४५ दिवस सुरूच झालेले नव्हते. कारण पहिल्या पत्राच्या प्रतीवर आवक शिक्काच नव्हता. आम्ही ते पत्र कधी दिलं याचा कागदावर पुरावा शून्य.

इकडे माझ्या परवान्यावर शस्त्र खरेदीची मुदत असते ती संपत आली. ती संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज केला, हे फार बरं झालं. तुम्हीही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि महिनाभर आधीच अर्ज टाका.

मार्ग सापडला तो आमच्याच रेंजवर. प्रोन खेळणारे एक वकील आहेत. त्यांनी कलम वाचलं आणि विचारलं, पोलीस ठाण्यात का देत नाही? दुसऱ्या दिवशी काकांनी तीच सूचना, विकायचा इरादा आणि माझं नाव-पत्ता एवढीच, आपल्या घराजवळच्या पोलीस ठाण्यात दिली. ठाण्यात आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सगळं तिथल्या तिथे मिळालं. तीच प्रत पोहोच मिळेल अशा टपालाने जिल्हाधिकारी कार्यालयालाही पाठवली. घड्याळ त्या दिवसापासून सुरू झालं.

सोबत मी माहिती अधिकारात त्या शाखेकडे एक अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एकच गोष्ट मागितली: अशा विक्रीसाठी पूर्वपरवानगी लागते असं सांगणाऱ्या नियमाची किंवा परिपत्रकाची प्रत. उत्तर आलं की अशी प्रत अभिलेखावर उपलब्ध नाही. तो कागद मी जपून ठेवलाय आणि रेंजवर मागेल त्याला झेरॉक्स देते. अभिमानाने देते.

तपासणीचं सांगायचं राहिलं. रायफल मालकासमोर, क्लबच्या रेंजवरच मारून बघा. बॅरल (नळी) साफ करून आतून बघा, विशेषतः चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढचा भाग आणि बॅरलच्या तोंडाची कड. तोंडाकडून सळई घालून साफ करायची सवय असलेल्या माणसाची रायफल असेल तर ती कड खराब झालेली असू शकते. .२२ची शिशाची गोळी बॅरलला फारशी झिजवत नाही, त्यामुळे वय बघून घाबरू नका. काडतुसं दोन-तीन वेगवेगळ्या लॉटची (उत्पादनाच्या खेपांची) घेऊन जा. एका लॉटच्या गोळ्या पसरवणारी रायफल दुसऱ्या लॉटच्या गोळ्या सुंदर एका जागी मारते, माझ्या बाबतीत अगदी असंच झालं. उजव्या हाताची की डाव्या, हे फोनवरच विचारा; आमच्यातली एक मुलगी त्यापायी उगाच रात्रभर प्रवास करून आली होती. आणि बॉडीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. एक आकडा इकडचा तिकडे असेल तर व्यवहार तिथेच थांबवा, आधी दुरुस्ती करून घ्यायला सांगा.

पैसे बँकेतूनच द्या. विक्रीपत्रात रायफलची कंपनी, बोअर, नंबर, दोघांचे परवाना क्रमांक आणि सूचनेचा आवक क्रमांक तारखेसह लिहा. माझ्या जिल्ह्यात नोंदीच्या वेळी नेमका तो आवक क्रमांकच विचारला. आणताना बोल्ट काढून वेगळा ठेवला, पेटीला कुलूप, मूळ परवाना जवळ. परवान्याचं क्षेत्र फक्त जिल्ह्यापुरतं असेल तर ते आधी वाढवून घ्या, नाहीतर रायफल आणणार कशी? घरी आल्यावर ती शाखेत दाखवून परवान्यावर नंबर चढवून घेतला. तिथल्या मॅडमनी सगळे कागद नीट बघितले आणि त्याच दिवशी सही करून दिली.

आता एकच राहिलंय. काकांच्या परवान्यावरून रायफलची नोंद कमी केल्याचं पत्र त्या दुसऱ्या मजल्यावरून अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत विक्रीपत्राची आणि माझ्या नोंदीची प्रत दोन्ही घरांत ठेवलेली आहे, आणि स्मरणपत्र या वेळी काकांनी नाही, मी पाठवलंय. पोहोच माझ्याकडे आहे.