हाड की आतडं?

डॉक्टर गाडी चालवता चालवता बोलत होते. मागे इंडिकेटरची टिकटिक, मधेच कुणाचा तरी हॉर्न. पुण्यात रात्रीचे दोन वाजून गेले होते आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नुकती संध्याकाळ होऊ घातली होती. साल २००७. मी मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करायचे. कानात हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की डॉक्टर बोलतात, पाय उचलला की गप्प होतात. पेशंटबद्दल त्यांनी बोलून रेकॉर्ड केलेलं ऐकायचं आणि रिपोर्ट म्हणून टाइप करायचं. ६५ कॅरॅक्टर्सची एक ओळ, मधल्या मोकळ्या जागाही त्यात मोजायच्या आणि ओळींवर पैसे. अचूकता ९८ टक्क्यांच्या खाली घसरली की सकाळी घरी जाण्याआधी बोलणी खायची.

माझी शाळा कराडची, मराठी माध्यमाची. पुढे मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी. इंग्रजी स्पेलिंगांची भीती मात्र शाळेतून निघताना सोबत आलेली, ती काही गेली नव्हती. आपल्याकडे बोलू तसं लिहितात, हा आपला जुना अभिमान. तोही तितकासा खरा नाही म्हणा. आमच्या मराठीच्या बाई ऱ्हस्व-दीर्घ शिकवताना म्हणायच्या, "शीर कापली तर टाके घालता येतात, शिर कापलं तर काय घालणार?" वर्ग हसायचा आणि पुढच्या निबंधात पुन्हा तीच चूक करायचा. या नोकरीत ते वाक्य मला किती वेळा आठवलं, मोजलं नाही.

ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यात मी 'प्लूरल इफ्यूजन'मधलं प्लूरल व्याकरणातलं लिहिलं, पी-एल-यू वालं. म्हणजे पेशंटला अनेकवचनी पाणी झालं. डॉक्टरांना म्हणायचं होतं ते फुफ्फुसाच्या आवरणातलं पाणी, पी-एल-ई-यू वालं. स्पेलचेकने एक तांबडी रेघसुद्धा मारली नाही. मारणार कशी? शब्द तर बरोबरच होता, फक्त दुसऱ्याच्या जागी बसला होता. आमच्या एडिटरने तो कागद बोर्डावर लावला. तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्यापेक्षा मोठे होते तेसुद्धा. नंतर हळूहळू कान बसला. खरं म्हणजे कान नव्हे, डोकं. टाचेच्या जखमेच्या रिपोर्टमध्ये 'हील' दोनदा येतं. एकदा टाच म्हणून, डबल ई घालून, आणि एकदा भरून येणं म्हणून, ई-ए घालून. स्वरतंतूंच्या 'कॉर्ड'मध्ये एच घातला की तो गळ्यातून निघून पेटीवर जातो. म्यूकस नाम असेल तर शेवटी यू-एस, विशेषण असेल तर ओ-यू-एस. अशा ठिकाणी व्याकरण हात देतं. नाम आहे की विशेषण एवढं कळलं की सुटलो.

खरी पंचाईत होते ती दोन्ही शब्द नामं असतात तेव्हा, आणि त्यातून दोन्ही पोटाखालच्या त्याच भागातली.

तसली जोडी म्हणजे इलियम. देवनागरीत लिहिताना मला दोन्ही सारखंच लिहावं लागतंय, यावरूनच बघा. आय-एल-ई-यू-एम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग. आय-एल-आय-यू-एम म्हणजे कमरेचं, खुब्याच्या वरचं रुंद हाड. उच्चारात तसूभर फरक नाही. ताईने शिकवलेली खूण अशी: ईटमधला ई आतड्याचा, हिपमधला आय हाडाचा. विशेषण आलं तर आणखी सोपं, कारण तिथे उच्चारच वेगळा होतो. आतड्याचं इलियल, हाडाचं इलियॅक. डॉक्टरांनी विशेषण वापरावं अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करायचे.

तर ती रात्र. पेशंटला बऱ्याच वर्षांचा क्रोन्सचा आजार. आतड्याला सूज येणारा हा आजार पुष्कळदा इलियमच्या टोकालाच गाठतो. या पेशंटचा तो तुकडा काढून टाकलेला होता. व्हिटॅमिन बी-१२ शोषलं जातं ते नेमकं तिथेच, त्यामुळे बी-१२ कमी, हिमोग्लोबिन कमी, तांबड्या पेशी आकाराने मोठ्या. डॉक्टर सगळं नीट क्रमाने सांगत होते आणि मी ई-वालं इलियम एकापाठोपाठ एक चार वेळा टाइप केलं. मग ते म्हणाले, इलियमची बायॉप्सी मागच्या वर्षी केली होती, त्यात काही विशेष आढळलं नाही. बोटांनी पाचव्यांदा ई मारला. पुढे औषधं, डोस, पुढची भेट. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला आणि शेवटचं वाक्य: पेशींची संख्या सुधारली नाही तर मॅरोची तपासणी 'रिपीट' करू.

माझा पाय पेडलवरून उचलला गेला. रिपीट? म्हणजे आधी एकदा झाली होती. आणि मॅरोचा, अस्थिमज्जेचा नमुना बहुतेक वेळा कमरेच्या त्याच हाडातून, मागच्या बाजूने काढतात. मग मागच्या वर्षीची ती बायॉप्सी हाडाची की कोलोनोस्कोपीत घेतलेली आतड्याची?

मागे गेले. पुन्हा ऐकलं. पुन्हा. मग माझं मलाच हसू आलं. जे कानाला वेगळं ऐकूच येत नाही ते शंभरदा ऐकून काय होणार?

"ताई, जरा बघता का?"

तिने हेडफोन घेतला, डोळे मिटून एकदाच ऐकलं. "डावं-उजवं म्हणाले का काही?"

नव्हते म्हणाले. हाडाला डावं-उजवं असतं, आतड्याला नसतं. तो एक शब्द असता तर प्रश्न मिटला होता. या पेशंटचे जुने रिपोर्ट आम्हाला बघायला मिळत नव्हते. ताईने वाक्यं मागेपुढे वाचली. "काही विशेष आढळलं नाही, हे दोन्हीला लागू पडतं गं," ती म्हणाली. मी म्हटलं, पण रिपीट शब्द आहे ना, हाडच असणार. ती म्हणाली, "असेल. पण असणार म्हणजे आहे नव्हे."

मला पटत नव्हतं. फाइल स्टॅट होती, म्हणजे तातडीची, आणि ब्लँक, म्हणजे न कळलेल्या शब्दाची मोकळी जागा, सोडलेल्या फायलींचा हिशेब महिन्याच्या शेवटी निघायचा. त्यात परिच्छेदात सगळीकडे आतडंच आतडं; ई तसाच ठेवला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तेच तर वाईट. पुढच्या डॉक्टरांनी वाचलं असतं की आतड्याची बायॉप्सी नॉर्मल, आजार शांत आहे. किंवा उलटी चूक झाली असती तर वाचलं असतं की मज्जा नॉर्मल, रक्ताचं कारण दुसरीकडे शोधा. एका अक्षराने डॉक्टर पेशंटच्या वेगळ्याच भागात शोधत बसले असते.

ताईने माझा ई खोडला, तिथे ब्लँक टाकला, रेकॉर्डिंगमधली वेळ लिहिली आणि शेजारी टीप टाकली: आतडं की हाड, कृपया सांगावं. फाइल गेली. चार वाजता आम्ही चहा प्यायलो, तेव्हा तिने तिच्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगितली. पक्षाघाताच्या पेशंटला गिळता येत नव्हतं आणि तिने बोलता येत नाही असं लिहिलं. डिस्फेजिया आणि डिस्फेझिया, मधे फक्त जी आणि एसचा फरक. कुणी पकडलं ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या रात्री खुर्चीत बसते न बसते तोच ताईने हाक मारली. डॉक्टरांचं उत्तर आलं होतं. मी वाकून स्क्रीन बघितला. एकच ओळ होती: हाड, उजवी बाजू, मॅरो बायॉप्सी. आणि पुढे खात्रीसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने तो शब्द टाइप केला होता, इलियम.

ई घालून.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग ताई इतकी हसली की पलीकडच्या ओळीतल्या पोरांनी हेडफोन काढले. "आता सांग," ती मला म्हणाली, "डॉक्टर म्हणतात तसंच टाइप करायचं ना आपण?"

"हाड म्हणालेत ते," मी म्हटलं.

तिने ब्लँकच्या जागी कर्सर नेला, 'उजवं' घातलं, आय मारला आणि फाइल बंद केली.