कोंत्राची मधली तार अखेर बोलू लागली

कोंत्रा म्हणजे स्वरसंघांची साथ करणारी, तीन तारांची आणि सपाट घोडीची व्हायोला. तिची मधली तार बाकीच्या दोन तारांबरोबर वाजत नाही, अशी तक्रार लिहून मी मागील नोंद थांबवली होती. त्यानंतरचे पाच आठवडे त्या एकाच तारेत गेले, आणि रविवारी बर्लिनमधील आमच्या तालमीत तिन्ही तारा प्रथमच एका गजात सारख्या वाजल्या. ट्रान्सिल्व्हेनियातील पलात्का गावाच्या चालींचा सराव वर्षभर करूनही आमची साथ पोकळ का वाटत होती, हे त्या क्षणी उमगले.

घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ते लाकूड, सपाट असली की तिन्ही तारा आपोआप वाजतील, असे मी धरून चाललो होतो. कोंत्रा जी, डी, ए अशी लावतात हे आपल्याला ठाऊक आहेच; त्यातील ए व्हायोलाच्या नेहमीच्या ए-पेक्षा सप्तकभर खाली असते. तिच्यासाठी मी प्रथम डी-ची तार उतरवून लावली होती, पण ती इतकी सैल पडे की जोराच्या गजाखाली खडखडत असे. मग जी-ची तार एक स्वर चढवून बसवली. ताण सुमारे पाव पटीने वाढला, आवाज भरदार झाला, मात्र त्यामुळे दोन्ही बाजूंना जाड तारा आणि मध्ये बारीक डी अशी रचना झाली. ‘कोंत्रासाठी तयार’ म्हणून विकत घेतलेल्या घोडीवरील खाचा सारख्याच खोल होत्या, त्यामुळे जाड तारांची पाठ वर राहत होती आणि डी त्यांच्या आडोशाला दबत होती. तारांवर पोलादी पट्टी आडवी ठेवून मागे दिवा धरला, तेव्हा डी-वरची प्रकाशाची फट स्पष्ट दिसली. सपाट हवी ती तारांची पाठ, घोडीचे लाकूड नव्हे. तयार घोडी विकणाऱ्यांनी कोणत्या जाडीच्या तारांसाठी ती कोरली आहे हे सांगितलेच पाहिजे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

बारीक कानशीने बाहेरच्या खाचा थोड्या थोड्या उतरवत गेलो आणि डी केसभर उंच राहील इतक्यावर थांबलो. एकदा घाई केली आणि ए इतकी खाली गेली की ती घोडी बाद करावी लागली. दुसरीवर मात्र प्रत्येक चार-पाच घासांनंतर तारा चढवून पट्टी लावून पाहिली. गजही आता बोटे ठेवायच्या पट्टीकडे (फिंगरबोर्डकडे) किंचित सरकवून चालवतो, कारण तेथे तारा अधिक लवतात आणि तिन्ही एकदम पकडता येतात.

जी मेजरच्या स्वरसंघात (जी, बी, डी) आतापर्यंत जी आणि बी ऐकू येत होते. मधल्या तारेचा डी आल्यावर तो स्वरसंघ उभा राहिला. प्रीमाशच्या, म्हणजे मुख्य व्हायोलिनवादकाच्या, चालीत कोमल गंधार असला तरी कोंत्रा मेजरच धरते. त्या दोहोंच्या घर्षणात या संगीताचा जीव आहे, आणि तो गुळगुळीत करण्याचा आमच्या दुसऱ्या व्हायोलिनवादकाचा आग्रह मला कधीच पटला नाही. रविवारी त्यांनीही मान हलवली, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

अकस्तोश या नृत्याची लंगडी लय मात्र अजून हाती आलेली नाही. द्यूव्हो या साथीच्या गजपद्धतीत एका गजात दोन ठोके येतात आणि दुसऱ्यावर दाब पडतो, एवढे जमते. पण अकस्तोशमध्ये ठोक्यांची लांबी असमान असते आणि मी ती तीन-दोन अशा मात्रांत मोजायला गेलो की नर्तकांची पावले अडखळतात. पुढील महिनाभर मोजणे बंद करून, बासवादकाचा गज पाहत वाजवण्याचे ठरवले आहे.

डिसेंबरच्या तान्त्सहाझसाठी, म्हणजे लोकनृत्याच्या मेळाव्यासाठी, दोन व्हायोलिन, एक कोंत्रा आणि बास अशी मांडणी पक्की होती. हे लिहिता लिहिता मात्र वाटू लागले आहे की पलात्काच्या वादकांप्रमाणे दोन कोंत्रा का ठेवू नयेत? दुसऱ्या व्हायोलिनवादकाकडे जुनी व्हायोला पडून आहे आणि ती कोंत्रा करण्यास एक घोडी आणि तीन तारा पुरतील. बाद झालेली घोडी पुन्हा घासून निदान मापासाठी वापरता येईल. आज रात्री त्यांना विचारतो, आणि होकार आला तर शनिवारी कानस घेऊन बसतो.